ठाण्यात राहून प्रवाळासाठी काही करता येईल का?

वैदेही_कोलशेत | १२ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं मालवणच्या बाजूला गेलो होतो. लेक बारावीला, सायन्सला. स्कूबा करायचंच हा तिचा हट्ट. होडीवर पाच मिनिटांची शिकवणी झाली, पाठीला टाकी लागली, तोंडात रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारं तोंड) गेला आणि ती खाली. दीड-दोन पुरुष पाणी असेल. वर आली तेव्हा चेहरा नुसता फुलला होता. मग एकदम गप्प झाली. म्हणाली, "आई, फोटोसाठी त्या दादाने मला एका दगडाला धरून बसवलं. तो दगड मऊ होता गं."

तिच्या बोटांना काहीतरी बुळबुळीत लागलं होतं. अंड्याच्या पांढऱ्यासारखं, तार सुटणारं. समुद्राच्या पाण्यात विसळलं तरी जाईना. रात्री खोलीवर तिने वाचून काढलं की तो दगड नव्हे, प्रवाळ असणार, आणि तो चिकट थर त्याने स्वतःला वाचवायला सोडलेला. त्या रात्री ती नीट जेवली नाही.

मग मलाही आठवायला लागलं. होडीचा नांगर सरळ खडकांवर टाकला होता. मासे जमावेत म्हणून पावाचे तुकडे पाण्यात टाकत होते. होडीवाल्यांचं नाव मी देणार नाही, मला कुणाशी भांडायचं नाही.

आता लेक म्हणते, मी नीट डायव्हिंग शिकणार आणि समुद्राचं शास्त्र शिकणार. तिचे बाबा म्हणतात, आपण राहतो कोलशेतला, समोर खाडी, खाडीत गाळ, इथे कुठलं आलंय प्रवाळ? मला त्यांचं म्हणणंही कळतं. पण तिचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. ठाण्या-नवी मुंबईत राहून या कामात खरोखर काही करता येतं का? डायव्हिंगने प्रवाळाचं भलं होतं की वाटोळं? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

---

पाणकोंबडी | १२ जानेवारी, रात्री १०:०५

वैदेहीताई, लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा. बोटाला लागलेलं काय आहे हे शोधत बसणारी मुलगी शास्त्रज्ञच व्हायची.

---

अनुस्वार | १२ जानेवारी, रात्री १०:३१

माझं स्पष्ट मत: हे पर्यटकांचं स्कूबा बंदच करावं. समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेत प्रवाळ आणि समुद्रातल्या सुमारे पाव जाती त्याच्या आधाराने जगतात. इतकी मोलाची जागा माणसांच्या फोटोसाठी तुडवायची? लोकांनी व्हिडिओ बघावेत घरी बसून.

---

खारंवारं | १२ जानेवारी, रात्री ११:४८

मी नेरूळचा. अकरा वर्षं डायव्हिंग करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी लेकीच्या बोटांबद्दल. प्रवाळ हा प्राणी आहे. तांदळाच्या दाण्याएवढे, काही जातींत नखाएवढे जीव शेजारी शेजारी चिकटून राहतात आणि खाली चुन्याचं घर बांधत जातात. आपल्याला दिसतो तो "दगड" म्हणजे हे घर, आणि त्यावर कातडीइतकी पातळ जिवंत साय. ती साय बोटाने खरवडली गेली की त्या जागी शेवाळ बसतं, रोग शिरतो. काही जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे एका फोटोसाठी मोडलेला वीतभर तुकडा भरून यायला तुमची लेक चाळिशीला येईल.

आता प्रश्न डायव्हिंगचा. तुम्ही केलंत त्याला आम्ही "ट्राय डाइव्ह" म्हणतो. त्यात माणसाला स्वतःला पाण्यात सांभाळता येत नाही, म्हणून कुणीतरी धरून नेतं आणि कशाला तरी धरून बसवतं. नीट शिकणं वेगळं. ओपन वॉटर कोर्सला आधी दोनशे मीटर पोहून दाखवावं लागतं, दहा मिनिटं कशालाही न धरता तरंगावं लागतं. मग तरणतलावातले धडे, मग समुद्रात चार डाइव्ह. हे झाल्यावर अठरा मीटरपर्यंत जायची मुभा मिळते.

पण कार्ड मिळालं म्हणजे डायव्हर झालो, असं नाही. खरी कसोटी बॉयन्सीची. श्वास घेतला की माणूस किंचित वर जातो, सोडला की खाली येतो. फुप्फुसांवर इतका ताबा हवा की प्रवाळाच्या हातभर वर तासभर राहिलो तरी पायातल्या फिनचा (पोहायच्या पंखाचा) वारासुद्धा त्याला लागू नये. मी पहिली दोन वर्षं हात छातीशी बांधून डाइव्ह करायचो. हात मोकळा असला की तो काहीतरी धरायला जातोच.

अनुस्वार, तुमचा राग समजतो. पण पाण्याखाली काय चाललंय हे बघायला कुणीतरी जायला हवंच की.

---

मालवणी_झील | १३ जानेवारी, सकाळी ७:२०

वैदेहीताई, वाचून वायट वाटला. मी मूळचो मालवणचो, आता नोकरीनिमित्त कळव्याक ऱ्हवतंय. सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं साध्या मराठीत लिहितो.

जे झालं ते चूकच. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. माझा चुलतभाऊ याच धंद्यात आहे. तो नांगर टाकत नाही, बांधलेल्या तरंगत्या बोयाला होडी लावतो. गिऱ्हाईकाला पाण्यात उतरवण्याआधी सांगतो, "हात लावू नकात, तां जिता आसा." त्यापायी गिऱ्हाईकं त्याच्यावर चिडतात, कारण शेजारच्या होडीवाला धरून बसवून फोटो काढून देतो.

आणि अनुस्वार, बंदी आम्ही पाहिली आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचा २९ चौरस किलोमीटरचा पट्टा १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. देशातल्या पहिल्या काही सागरी अभयारण्यांपैकी एक. पण ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या तिथे जाळी पडत होती त्यांना विश्वासात घेतलं गेलं नाही, असं आमच्या वाडीतल्या जुन्या माणसांचं आजही म्हणणं आहे. त्यामुळे "अभयारण्य" हा शब्द काढला की गावात अंगावर येतात. चुलतभाऊ आधी पर्ससीनवाल्यांच्या (मोठ्या घेराच्या जाळ्याने मासे धरणाऱ्यांच्या) बोटीवर खलाशी होता. आता तोच प्रवाळ जपतो, कारण प्रवाळ राहिलं तर त्याची चूल पेटते. ही गोष्ट बंदीने झाली नसती.

---

अनुस्वार | १३ जानेवारी, सकाळी ९:०२

चुलतभावाबद्दल आदर आहे. त्याच्यासारखे दहा असतील तर शेजारचे नव्वद कोण सुधारणार? माझा मुद्दा तिथेच आहे.

---

निशिगंधा | १३ जानेवारी, दुपारी १:१५

पर्यटकांचे हात, नांगर, पाव हे सगळं खरंच, पण मोठं संकट दुसरंच आहे. ते मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून लिहिते.

२०२४ च्या मे महिन्यात मी लक्षद्वीपला होते. पाणी अंगाला कोमट लागत होतं, बादलीत काढून उन्हात ठेवल्यासारखं. खाली गेले तर अख्खी बाग पांढरी. काही प्रवाळं पांढरी व्हायच्या आधी चक्क निळी-जांभळी चमकतात, इतकी सुंदर दिसतात की शेजारची नवखी डायव्हर टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, काय रंग आहेत! मला मास्कमध्ये रडू येत होतं.

होतं असं की प्रवाळाच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं. उन्हापासून अन्न तयार करून ते प्रवाळाला देतं. काही प्रवाळांना नव्वद टक्क्यांपर्यंत अन्न या भाडेकरूकडूनच मिळतं, आणि रंगही त्याचाच. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखाद अंशाने जास्त तापून आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ त्या शैवालाला बाहेर काढतं. मग उरतो तो पारदर्शक जीव आणि आतून दिसणारा पांढरा चुना. त्या वेळी ते मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर सावरतं. नाही निवलं तर महिन्या-दोन महिन्यांत त्यावर तपकिरी शेवाळाची लव चढते आणि संपलं.

लक्षद्वीपला असे मोठे फटके १९९८, २०१० आणि २०१६ साली बसले. तिथे संशोधक सलग चोवीस वर्षं त्याच त्या जागी जाऊन मोजत राहिले, म्हणून आज सांगता येतं की १९९८ ला सुमारे ३७ टक्के असलेलं जिवंत प्रवाळ २०२२ पर्यंत जेमतेम १९ टक्क्यांवर आलं. दर फटक्यानंतर सावरायला शांत वर्षं लागतात आणि तीच मिळत नाहीत.

वैदेही, डायव्हिंगने भलं होतं का, याचं माझ्यापुरतं उत्तर या चोवीस वर्षांत आहे. कुणीतरी खाली जाऊन मोजलं नसतं तर वरून समुद्र तसाच निळा दिसत राहिला असता.

---

शिंपला | १३ जानेवारी, दुपारी २:४०

निशिगंधा, काटा आला वाचून. हे मोजतात कसं? प्रवाळ काय टेबलावर मांडून ठेवलेलं थोडंच असतं?

---

निशिगंधा | १३ जानेवारी, दुपारी ४:०५

छान प्रश्न. शिंप्याची असते तशीच टेप, फक्त पन्नास किंवा शंभर मीटरची. ती तळावर अंथरायची आणि ठरावीक अंतरावर टेपखाली जे येईल ते लिहायचं: जिवंत प्रवाळ, मेलेलं प्रवाळ, वाळू, शेवाळ, खडक. साध्या पेन्सिलीने, प्लास्टिकच्या पाटीवर. पाण्याखाली पेन्सिल उत्तम चालते. टेपच्या दोन्ही बाजूंचे ठरलेले मासेही मोजायचे. एखादा देखणा मासा दिसला म्हणून त्याच्यामागे जायचं नाही, ओळीत राहायचं.

आणखी एक सोपं साधन आहे, ते नवख्यांनाही जमतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने प्रवाळाच्या रंगाचं कार्ड काढलंय. हाताएवढं चौकोनी प्लास्टिक, चार कडांना चार रंगछटा, प्रत्येकीच्या फिक्यापासून गडदपर्यंत सहा पायऱ्या. प्रवाळाजवळ धरायचं, न टेकवता, आणि सगळ्यात फिका भाग कुठल्या पायरीशी जुळतो, सगळ्यात गडद कुठल्या, एवढं लिहायचं. त्याच जागी पुढच्या खेपेला दोन पायऱ्या फिकं दिसलं तर पाणी त्याला सोसत नाहीये हे कळतं. खोलवर टॉर्च लागतो, कारण पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो आणि सगळंच निळसर दिसायला लागतं.

माझा पहिला दिवस सांगते. पन्नास मिनिटांत माझ्या पाटीवर अकरा ओळी झाल्या. वर आल्यावर शिकवणाऱ्या बाईंनी त्यातल्या चार खोडल्या, कारण मी सावलीला गडद रंग समजले होते. दुसऱ्या दिवशी परत तिथेच. पण त्यानंतर मी समुद्राकडे कधीच नुसती "बघायला" गेले नाही.

---

ऊन_सावली | १३ जानेवारी, सायंकाळी ६:१०

थोडं अवांतर. आमच्या घरी शोकेसमध्ये द्वारकेहून आणलेला पांढऱ्या प्रवाळाचा झुपका आहे, आजेसासूबाईंच्या काळातला. धागा वाचल्यापासून तिकडे बघवत नाही. हे ठेवणं गुन्हा आहे का हो?

---

खारंवारं | १३ जानेवारी, सायंकाळी ७:३३

खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे सगळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या रांगेत. काढणं, विकणं, विकत घेणं गुन्हाच. जुन्या वस्तूबद्दल वन खात्याच्या कार्यालयातच जाऊन विचारा. आजेसासूबाईंना दोष नको, तेव्हा कुणाला माहीत होतं.

---

तरंग | १३ जानेवारी, रात्री ९:२०

बाबांना सांगा, प्रवाळ बघायला लक्षद्वीपच गाठायला हवं असं नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहे! वरळी, हाजी अली, मरीन ड्राइव्हच्या खडकांत, ओहोटीला उघडं पडणारं. कोस्टल रोडच्या वेळी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या होत्या. गढूळ पाणी, सांडपाणी, गाळ, सगळं सोसून ती जगतात.

स्थलांतराबद्दल मात्र माझ्या मनात शंका आहे. खडकासकट उचलून चिकटवलं की काम झालं, असा समज पसरला तर पुढच्या प्रत्येक प्रकल्पाला तोच तोडगा निघेल. कुणी यावर लिहील का?

---

गणितमास्तर | १४ जानेवारी, सकाळी ८:००

संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांना. तिळगूळ घ्या.

तरंग, शंका रास्त आहे. लावलेलं प्रवाळ जगवणं अवघड नाही, पण ज्या कारणाने आधीचं मेलं ते कारण तिथेच असेल तर नवीनही मरतं. कच्छच्या आखातात मिठापूरला लोखंडी सांगाड्यातून अगदी कमी दाबाची वीज सोडून त्यावर चुना जमवण्याचा आणि मग प्रवाळाचे तुकडे लावण्याचा प्रयोग २०२० मध्ये सुरू झाला. मन्नारच्या आखातातही सिमेंटच्या साच्यांवर लागवड झाली आहे. हे प्रयत्न हवेतच. पण लागवड करणाऱ्यांच्या हातात तापमान नाही. म्हणून आहे ते आधी राखायचं, लागवड त्यानंतर, असं मला वाटतं.

वैदेहीताईंच्या प्रश्नाकडे येतो. मला पोहता येत नाही आणि वय एकसष्ट. तरी मी गेली तीन वर्षं ठाण्यातल्या माझ्या घरून या कामात आहे. डायव्हर लोक तळाचे फोटो काढून आणतात, एकेका मोहिमेचे शेकडो. त्या फोटोंवर संगणक ठिकठिकाणी ठिपके टाकतो आणि माणसाने सांगायचं की या ठिपक्याखाली काय आहे. नातू शाळेत गेला की मी दोन तास ठिपके ओळखतो. सुरुवातीला मेलेलं प्रवाळ आणि शेवाळलेला खडक यांत फरकच कळेना. आता फोटो उघडल्यावर आधी पोत दिसतो. जिवंत प्रवाळावर बारीक ताऱ्यांसारख्या खळ्या असतात, मेलेल्यावर त्या बुजलेल्या असतात.

आणि आंग्रिया बँक कुणी ऐकलंय का? विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर भर समुद्रात बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्रे यांच्या नावाचं. वर फक्त पाणी, कुठलंही बेट नाही, आणि खाली प्रवाळ. २०१९ च्या डिसेंबरात तिथे शास्त्रज्ञांची मोहीम गेली होती. आपल्याच राज्यासमोरचं हे वैभव आपल्यातल्या कितींना ठाऊक आहे?

---

शिंपला | १४ जानेवारी, सकाळी ८:४५

मास्तर, एकसष्टाव्या वर्षी न भिजता समुद्रसेवा! तुमच्या वाटणीचा तिळगूळ डबल.

---

दर्यागंध | १४ जानेवारी, रात्री १०:१५

मी दिवाळे कोळीवाड्याचा, बेलापूर. घरात चार पिढ्या मासेमारी.

"खाडीत गाळ" हे वैदेहीताईंच्या यजमानांचं वाक्य वाचलं. दादा, रागावू नका, पण तो गाळ म्हणजे पाळणाघर आहे. कोळंबी, जिताडा, बोय, चिंबोरी यांची पिल्लं या तिवरांच्या मुळांत वाढतात आणि मग बाहेर पडतात. ठाणे खाडीचा १६९० हेक्टरचा भाग २०१५ साली रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचं अभयारण्य झाला, २०२२ ला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेला. पाहुणे फक्त रोहित बघतात. आम्ही खाली बघतो.

प्रवाळासाठी काय करता येईल विचारलंत. मी जाळ्याचं सांगतो. पूर्वी जाळं खडपात अडकलं की कापून सोडून द्यायचो. सुताचं जाळं कुजायचं. नायलॉनचं कुजत नाही. ते तसंच खाली मासे धरत राहतं, कासव गुरफटतं, प्रवाळावर पसरलं तर लाटेबरोबर घासत राहतं. आता आमच्यातले काही जण तुटकं जाळं होडीत घालून परत आणतात. जाळ्यात कासव किंवा बहिरी मासा (व्हेल शार्क) आला तर जाळं कापून सोडतो, फोटो काढतो. त्याची पंचवीस हजारांपर्यंत नुकसानभरपाई २०१८ पासून सरकार देतं. वडील म्हणायचे, कासव सोडलंस तर दर्या तुला उपाशी ठेवणार नाही. तेव्हा भरपाई नव्हती, तरी ते सोडायचेच.

---

ऊन_सावली | १५ जानेवारी, सकाळी १०:५०

दर्यागंध, मासे खाणाऱ्यांनी काय करावं तेही सांगा की. पापलेट घ्यावं की नाही?

---

दर्यागंध | १५ जानेवारी, दुपारी १२:०५

घ्या, पण तळहाताएवढी पिल्लं घेऊ नका. राज्याने २०२३ ला ५४ जातींचे किमान आकार ठरवलेत, त्याहून लहान पकडायचीच नाहीत. बाजारात गिऱ्हाईकाने नको म्हटलं की आमच्या बायका दुसऱ्या दिवशी आणत नाहीत. पावसाळ्यात बंदीच्या काळात ताज्या पापलेटचा हट्ट नको. सुकट, बोंबील खा, वांग्यात घाला.

---

अनुस्वार | १५ जानेवारी, दुपारी १२:३०

दर्यागंध, सुकट-वांग्यासाठी धन्यवाद. आणि मालवणी_झील, परवा जरा तोडून बोललो. बंदीपेक्षा गिऱ्हाईकाने "धरून बसवू नका" म्हणणं जास्त लवकर पोहोचेल, असं आता वाटतंय. तुमच्या चुलतभावाकडे मार्चमध्ये जाईन म्हणतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

शुभदा | १६ जानेवारी, रात्री ८:१०

शिक्षणाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते, माझी भाची या वाटेने गेली आहे. बारावीनंतर प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात बी.एस्सी. इथेच करता येतं. मत्स्यविज्ञानाची पदवी हवी तर रत्नागिरीला शिरगावचं महाविद्यालय आहे. पुढे एम.एस्सी.ला गोवा विद्यापीठ, कोचीन, तामिळनाडूत परंगीपेट्टई, अंदमानात श्री विजयपुरमचा (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) पाँडिचेरी विद्यापीठाचा विभाग. संशोधनाला दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था.

एक गोष्ट ताई, लेकीला आवर्जून सांगा. या क्षेत्रात डायव्हिंग हे हत्यार आहे, पदवी नव्हे. भाचीचे वर्षातले वीस-पंचवीस दिवस पाण्यात जातात आणि बाकीचे आकडेमोडीत. संख्याशास्त्र टाळू नको म्हणावं. आणि कोर्सआधी डॉक्टरी तपासणी नीट करा. भाचीच्या मैत्रिणीला लहानपणी दमा होता. तिने अर्जात लिहिलं नव्हतं, पाण्यात त्रास झाला. वेळेवर वर आणली म्हणून निभावलं.

---

पाणकोंबडी | १७ जानेवारी, सकाळी ७:००

कोलशेतपासून ऐरोली किती लांब आहे? तिथे वन खात्याचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिवरांमधून फळ्यांची वाट, खाडीत होडीची फेरी. मी माझ्या सहा वर्षांच्या मुलाला निवट्या दाखवल्या. चिखलावर उड्या मारणारा मासा बघून तो म्हणाला, "आई, याला पोहायचा कंटाळा आलाय का?" तेव्हापासून दर रविवारी त्याला निवट्यांकडेच जायचं असतं.

किनाऱ्यावर जे दिसेल त्याचा फोटो, जागा आणि वेळ आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची सवय लेकीला लावा. मुंबईत २०१७ पासून हौशी लोक ओहोटीच्या वेळी खडकांवर फिरून अशा नोंदी करतात. जाणकार ओळख पटवून देतात. एकेक फोटो साधाच असतो, पण दहा वर्षांनी "इथे हे होतं" असं म्हणायला तोच पुरावा लागतो.

---

वैदेही_कोलशेत | १८ जानेवारी, रात्री ११:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीने अख्खा धागा दोनदा वाचला. निशिगंधाताईंचं रंगाच्या कार्डाचं वर्णन तिने वहीत उतरवून घेतलंय. मास्तर, तुमच्या ठिपक्यांच्या कामात तिला परीक्षेनंतर घ्याल का? तिचे बाबा काही बोलले नाहीत, पण दर्यागंध यांचा प्रतिसाद त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला.

---

गणितमास्तर | १९ जानेवारी, सकाळी ६:४०

जरूर घेतो. आधी बारावी.

---

वैदेही_कोलशेत | ९ फेब्रुवारी, रात्री ९:०५

धागा वर काढतेय. प्रॅक्टिकल संपली, लेखीला थोडे दिवस आहेत, म्हणून काल एक सकाळ तिला दिली. आम्ही तिघंही गेलो होतो, वरळीच्या खडकांवर. ठाण्याहून पहाटेची लोकल.

तासभर काही दिसेना. खडक, शेवाळ, प्लास्टिकच्या पिशव्या, कालवं. मग एका खळग्यात, घोटाभर पाण्यात, तिच्या बाबांनाच ते दिसलं. पुरणपोळीएवढं, तपकिरी-हिरवट, उशीसारखं किंचित फुगलेलं आणि त्यावर मास्तर म्हणाले तशा बारीक खळ्या, जवळजवळ, मधमाशीच्या पोळ्यासारख्या. शेजारी खाऊच्या पुड्याचं वेष्टन अडकलेलं. लेक गुडघ्यांवर बसली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरले. तसेच धरून दहा मिनिटं बघत होती. फोटो बाबांनी काढले. वेष्टन त्यांनीच चिमटीत धरून अलगद काढलं, खिशात ठेवलं.

रात्री फोटो टाकले. आज सकाळी कुणीतरी ओळख पटवून दिली: फॉल्स पिलो कोरल. नोंदीवर तिचं नाव आहे.

येताना लोकलमध्ये बाबा विचारत होते, तरणतलावाचा फॉर्म कधी निघतो. दर्यागंध, परीक्षा संपल्यावर पुन्हा जायचंय. ओहोटीची वेळ कशी काढायची ते सांगाल का? काल आम्ही अर्धा तास उशिरा पोहोचलो, पाणी वर यायला लागलं होतं.

---

दर्यागंध | ९ फेब्रुवारी, रात्री ९:५०

वाचून फार बरं वाटलं ताई.

आजोबांचा हिशोब सांगतो. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. त्याच्या सव्वासहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. पंधरवड्याच्या मधल्या तिथींना, सप्तमी-अष्टमीला, पाणी फारसं उतरत नाही, तेव्हा जाऊ नका. अमावास्या-पौर्णिमेनंतरची द्वितीया, तृतीया धरा. तृतीयेला सव्वादोनची भरती, म्हणजे सकाळी आठला पाणी तळाला. तुम्ही साडेसहाला खडकावर हवं, उतरत्या पाण्याबरोबर पुढे जायचं आणि पाणी फिरलं की लगेच मागे यायचं. निघण्याआधी छापील तक्त्याशी ताडून बघा.

आणि चपला नकोत, बूट घाला. कालवं पाय कापतात. मीही येईन, लेकीला खेकड्यांची बिळं दाखवतो.